ज्या अवयवाला दुखत नाही

आमच्या मोहल्ल्यातील मशिदीत फज्रच्या नमाजला न चुकता येणारे एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. अनेक वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे. मागील पावसाळ्यात एका पहाटे ते वुजू करीत होते. उजवा पाय धुताना त्यांनी तळव्यावरून हात फिरवला आणि नळाखालचे पाणी तांबडे झाले. शेजारी बसलेल्या तरुणाने पाय उचलून पाहिला. अंगठ्याच्या मुळाशी खोल जखम होती. चपलेच्या तळातून वर आलेला एक बारीक खिळा आदल्या रात्री प्रत्येक पावलाला त्या जागी रुतत होता. इशाच्या नमाजनंतर चाचा एका शोकाकुल कुटुंबाला भेटून, बरेच अंतर चालून घरी परतले होते आणि निवांत झोपले होते. त्यांना काहीच जाणवले नव्हते.

जखम भरायला दोन महिने लागले. पाय वाचला. त्या काळात डॉक्टरांनी त्यांना एक गोष्ट बजावून सांगितली : "चाचा, तुमच्या पायांनी आता तक्रार करणे सोडून दिले आहे. तेव्हा त्यांची विचारपूस रोज तुम्हालाच करावी लागेल."

हे वाक्य ऐकल्यापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांची एक सुप्रसिद्ध हदीस आपण सर्वांनी अनेकदा ऐकली आहे. ह. नोमान बिन बशीर (रजि.) यांनी ती कथन केली असून बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आढळते. तिचा आशय असा की, परस्परांवरील प्रेम, दया आणि ममता यांच्या बाबतीत श्रद्धावंतांची स्थिती एका शरीरासारखी असते. एका अवयवाला पीडा झाली की सारे शरीर जागरणाने आणि तापाने त्याला साथ देते. ऐक्याच्या प्रत्येक सभेत आपण या हदीसचा उल्लेख करतो. परंतु चाचांच्या पायात खिळा रुतत होता तेव्हा त्यांच्या बाकीच्या शरीराने ना झोप गमावली, ना त्याला ताप चढला. मग ते शरीर एकसंध राहिले नव्हते काय? आणि ज्या वस्तीत शेजारच्या घरातील उपासमारीने कोणाचीच झोप मोडत नाही, त्या वस्तीने काय करावे? दुसऱ्याची वेदना मनाला जाणवतच नसेल, तर त्याच्याविषयीचे कर्तव्य उरते की संपते?

दृष्टान्त देणाऱ्याने ज्या वस्तूकडे बोट दाखवले ती वस्तू नीट न पाहताच दृष्टान्ताचा अर्थ लावू नये. दिव्य कुरआनही धरतीवरील निशाण्यांबरोबर स्वतःच्या अस्तित्वातील निशाण्यांकडे पाहण्याचे आवाहन माणसाला करतो. म्हणून प्रथम शरीराकडेच पाहू.

एका तळव्याची घडण

चाचांच्या तळव्यापासूनच सुरुवात करू या. १६६५ साली इंग्लंडमधील रॉबर्ट हूक यांनी बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा त्यांना मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. पुढे १८३८ मध्ये श्लायडेन यांनी वनस्पतींविषयी आणि १८३९ मध्ये श्वान यांनी प्राण्यांविषयी असे प्रतिपादन केले की, सर्व सजीव पेशींचेच बनलेले असतात. मानवी शरीरात अशा ३० ते ३७ लाख कोटी पेशी असाव्यात, असा आजचा अंदाज आहे.

तळव्याच्या कातडीचा सर्वांत खालचा थर जिवंत पेशींचा असतो. तेथे पेशी जन्म घेतात, हळूहळू वर सरकतात, वाटेत त्यांच्यात एक चिवट द्रव्य भरत जाते आणि पृष्ठभागाशी पोहोचेपर्यंत त्या मृत होतात. ज्याच्या जोरावर आपण दगडधोंड्यांवर चालतो तो जाड थर अशा मृत पेशींचा असतो. एकसारख्या कामासाठी एकत्र आलेल्या पेशींच्या समूहाला ऊती म्हणतात. ही झाली अभिस्तर ऊती. तिच्याखाली संयोजी ऊती आहे. तिच्यात तंतूंच्या जाळीत चरबीच्या लहान लहान गाद्या अडकवलेल्या असतात आणि शरीराचा भार त्या पेलतात. त्यांच्या आत स्नायू ऊती आहे, ती पावलाला बळ देते. आणि या सर्वांमधून गेलेली चेता ऊती खडा टोचला की खबर देते. शरीरातील हजारो रचना या चार प्रकारच्या ऊतींतूनच उभ्या राहिल्या आहेत. ऊती एकत्र येऊन अवयव होतो आणि एका कार्यासाठी जोडलेल्या अवयवांची संस्था होते.

तळवा एकटा जगू शकत नाही. त्याला लागणारा प्राणवायू फुप्फुसांनी हवेतून घेतलेला असतो, साखर आतड्यांनी अन्नातून शोषलेली असते, मूत्रपिंडांनी रक्त गाळून स्वच्छ केलेले असते आणि हृदयाने ते थेट पायाच्या बोटांपर्यंत ढकललेले असते. रक्ताच्या या वाटेचा एक महत्त्वाचा टप्पा प्रथम उलगडून दाखवला तो इब्न-अन-नफीस या मुस्लिम वैद्याने. १२४२ मध्ये इब्न सीना यांच्या ग्रंथावरील भाष्यात त्यांनी लिहिले की, हृदयाच्या दोन भागांमधील पडद्याला छिद्रे नाहीत. उजव्या बाजूचे रक्त फुप्फुसांतून जाऊनच डावीकडे येते. गॅलन आणि इब्न सीना या दोन्ही महापंडितांचे मत याच्या उलट होते. गुरूंविषयी आदर राखूनही सत्य सांगता येते, याचा हा एक उत्तम नमुना आहे.

मान आणि अपमान

शरीराचा दृष्टान्त जगात पुष्कळांनी दिला आहे आणि त्याचा दुरुपयोगही पुष्कळ झाला आहे. इ. स. पूर्व ४९४ मध्ये रोममधील सामान्य जन उमरावांच्या जुलमाला कंटाळून शहराबाहेर निघून गेले, तेव्हा त्यांची समजूत घालायला गेलेल्या मेनेनियस अग्रिपा यांनी त्यांना एक गोष्ट सांगितली, असे रोमन इतिहासकार नोंदवतात. हातपाय आणि दात पोटावर रुसले, त्यांनी काम बंद केले आणि शेवटी स्वतःच दुबळे झाले. तात्पर्य हे की, हातांनी राबावे आणि पोटाला भरवीत राहावे. आपल्या देशातही समाजाला पुरुषाचे रूप देऊन कोणाला मुखाचे तर कोणाला पायांचे स्थान देण्यात आले आणि पायांनी पायांसारखेच राहावे असे शतकानुशतके सांगितले गेले. प्रांजळपणे हेही कबूल केले पाहिजे की, अजमच्या हवेने आपल्याही बिरादऱ्यांत कुळाचा आणि धंद्याचा तोरा शिरला. सोयरिकीची गोष्ट निघाली की तो आजही डोके वर काढतो.

परंतु खुद्द शरीर या उतरंडीला साक्ष देत नाही. आपल्या सर्व पेशींचा उगम एका पेशीत आहे. ती एक पेशी विभागत गेली आणि तिच्यातील संपूर्ण आनुवंशिक मजकूर प्रत्येक वारसाला मिळत गेला. टाचेच्या कातडीच्या जिवंत पेशीत आणि डोळ्याच्या पडद्यावरील पेशीत मजकूर एकच असतो. कोणती पाने उघडी आहेत एवढाच फरक. १९६२ साली जॉन गर्डन यांनी बेडकाच्या आतड्याच्या पेशीतील केंद्रक काढून ते, मूळ केंद्रक निष्प्रभ केलेल्या अंड्यात घातले आणि त्यातून पोहणारा बेडूकमासा तयार झाला. ज्या पेशीचे काम केवळ अन्नरस शोषणे होते, तिच्यातही संपूर्ण जीव घडवण्याचा मजकूर शाबूत होता. साऱ्या मानवांना एका जीवापासून निर्माण केल्याचे कुरआन सांगतो, तेव्हा तो काम वेगळे असण्याला हरकत घेत नाही; वेगळेपणातून श्रेष्ठत्व काढण्याला हरकत घेतो.

आता हदीसकडे पुन्हा पाहा. तिच्यात कोणता अवयव मस्तक आणि कोणता पाऊल, याचा उल्लेखच नाही. अवयवांची नावे नाहीत, दर्जे नाहीत. केवळ एक अवयव, कोणताही, आणि त्याची पीडा. रोमच्या कथेत अवयवांना सांगितले जाते की पोटासाठी राबा आणि गप्प राहा. हदीसमध्ये सारे शरीर एका अवयवासाठी आपली झोप सोडते. दिशाच उलटी आहे. या दृष्टान्ताचा आधार घेऊन जो कोणी दुबळ्याला गप्प बसवू पाहतो, तो प्रेषितांचा (स.) दृष्टान्त सांगत नसून मेनेनियसची गोष्ट सांगत असतो.

ताप म्हणजे काय?

हदीसमध्ये ताप आणि जागरण यांचाच उल्लेख का आला असावा, याचा विचार करताना शरीरशास्त्र आपल्याला थक्क करते. सर्वसाधारण माणसाच्या तळव्यात खिळा घुसला आणि त्याबरोबर जंतू आत शिरले, तर तेथे पहारा देणाऱ्या पेशी प्रथम जागच्या जागी लढतात. शत्रू भारी ठरला तर त्या रक्तात रासायनिक निरोप सोडतात. निरोप मेंदूपर्यंत पोहोचतो. मेंदूच्या तळाशी शरीराच्या तापमानाचे नियंत्रण करणारे केंद्र असते. ते आपली मर्यादा वर सरकवते. लगेच कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे उष्णता बाहेर जाऊ नये. स्नायू थरथरू लागतात, म्हणजे उष्णता निर्माण व्हावी. यकृत आपले नेहमीचे काम बाजूला ठेवून बचावाची प्रथिने तयार करू लागते. अस्थिमज्जा नव्या श्वेतपेशी रवाना करते. भूक मंदावते, अंग मोडून येते, शांत झोप लागत नाही.

यांपैकी कोणत्याही अवयवाला जखम झालेली नसते. यकृताला खिळा लागलेला नाही, पाठीच्या स्नायूंना लागलेला नाही. तरीही प्रत्येकजण आपापला वाटा उचलतो आणि त्याची किंमत मोजतो. म्हणजे ताप हा आजार खचितच नाही. तो साऱ्या शरीराने एका कोपऱ्यासाठी स्वीकारलेला खर्च आहे. हळहळ आणि साथ यांच्यात हाच भेद आहे. हळहळीला काही खर्च येत नाही.

याच्या उलट वागणारी पेशीही शरीरात जन्म घेते. पेशीला वाढण्याची आणि विभागण्याची शक्ती दिलेली आहे, पण आज्ञा मिळाल्याशिवाय ती वाढत नाही आणि थांबण्याची सूचना मिळताच थांबते. दुरुस्त होणार नाही इतकी बिघडली तर स्वतःला संपवते. मातेच्या उदरात बाळाचा हात आधी वल्ह्यासारखा सलग असतो. मधल्या पेशी ठरल्या वेळी नाहीशा होतात, म्हणून पाच बोटे सुटी होतात. कर्करोगाची पेशी हा संयम सोडते. थांबण्याचा इशारा ती मानत नाही, मरणाची वेळ ओळखत नाही, स्वतःकडे नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते आणि शेजाऱ्यांच्या जागेत पसरते. ती बाहेरून आलेली नसते. ती आपलीच असते. संपत्ती केवळ धनिकांच्याच हातांत फिरत राहू नये, असे कारण देऊन कुरआनने तिच्या वाटपाचे नियम घालून दिले. अभिसरण थांबवून एकाच जागी साठलेले रक्त काय करते, हे वैद्य जाणतात.

जेथे दृष्टान्त थांबतो

परंतु येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. माणूस ही पेशी नाही. पेशी मरते तेव्हा तिला पुण्य लाभत नाही आणि ती उन्मत्त होते तेव्हा तिला पाप लागत नाही, कारण तिला निवड करण्याचे स्वातंत्र्यच नाही. माणसाला ते आहे. निवाड्याच्या दिवशी प्रत्येकजण एकटा उभा राहील आणि कोणीही दुसऱ्याचे ओझे उचलणार नाही, ही कुरआनची मूलभूत शिकवण आहे. शरीर वाचवण्यासाठी बोट कापणे वैद्याला योग्य ठरते. परंतु समाज वाचवण्यासाठी एका निरपराध माणसाचा बळी देण्याचा अधिकार कोणालाही नाही. एका निरपराध जीवाची हत्या म्हणजे साऱ्या मानवजातीची हत्या, असे ज्या ग्रंथाने सांगितले, त्याच्या अनुयायांनी राष्ट्राच्या, जमातीच्या किंवा पंथाच्या नावाने माणसांना पेशींसारखे मोजणे शोभत नाही.

म्हणून शरीराशी असलेले आपले साम्य एका ठिकाणी फार नाजूक होते. शरीरात वेदना पोहोचवण्याचे काम मज्जातंतू आपोआप करतात. समाजात असे तंतू निसर्गाने बसवून दिलेले नाहीत. ते आपल्याला स्वतःच्या निवडीने, रोजच्या वर्तनाने विणावे लागतात. आणि विणलेले तंतू सुकतात.

बधिरता

चाचांच्या पायाचे नेमके हेच झाले होते. कमरेजवळून निघून पायाच्या बोटांपर्यंत जाणारा एक चेतातंतू प्रौढ माणसात जवळजवळ एक मीटर लांब असतो आणि त्याचे सारे पोषण पाठीच्या कण्याजवळ असलेल्या एका सूक्ष्म पेशीतून होते. रक्तातील साखर वर्षानुवर्षे अधिक राहिली की हे तंतू झिजू लागतात, आणि जो सर्वांत लांब तो आधी झिजतो. म्हणून बधिरता पायाच्या बोटांपासून सुरू होते. ती हळूहळू येते, दुखत नाही, म्हणून कळतही नाही. वेदना नसणे हे येथे आरोग्याचे लक्षण राहत नाही.

कुष्ठरोगाची कथाही अशीच आहे. १८७३ मध्ये नॉर्वेतील हॅन्सन यांनी त्या रोगाचा जंतू शोधला. तरीही हातापायांची बोटे झडतात ती रोगाने मांस कुजल्यामुळेच, अशी समजूत त्यानंतरही बराच काळ टिकून होती. १९४० च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोर येथे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी रुग्णांच्या हातांचा बारकाईने अभ्यास केला आणि दाखवून दिले की, बहुतांश हानी वेदना न जाणवल्यामुळे होते. रुग्ण तापलेले भांडे तसेच धरून ठेवतो, जखमेवर भार टाकून चालत राहतो. हात शत्रूने मोडलेला नसतो. खबर न मिळाल्याने तो वापरता वापरता मोडतो.

याच रुग्णांना समाजाने गावाबाहेर काढले होते. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले, ते अशा माणसांना सोबत घेऊन, त्यांच्याच श्रमांवर. ज्यांची बोटे बधिर होती त्यांनी शेते फुलवली, विहिरी खोदल्या. आणि ज्यांची बोटे शाबूत होती त्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली होती. या दोहोंत खरा बधिर कोण होता, हे वाचकांनीच ठरवावे.

सर्वांत लांबचा तंतू आधी सुकतो, हे वैद्यकीय सत्य मला फार बोलके वाटते. समाजातही आधी तुटतात ते दूरचे धागे. भावाचे दुःख आपल्याला अजून कळते. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या विधवेचे कळेनासे होते. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याचे, गटार साफ करणाऱ्याचे, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे तर कधीच कळेनासे झालेले असते. आणि आपल्याला काही दुखत नाही, म्हणून आपण समजतो की शरीर निरोगी आहे.

विचारपूस

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वेदना जाणवत नसेल तर कर्तव्य उरते काय?

इस्लामने परोपकार केवळ हृदयाच्या उमाळ्यावर सोडलेला नाही, याचे मर्म येथे उलगडते. जकात ही दया आली तर द्यायची वस्तू नाही. संपत्ती ठरावीक मर्यादेला पोहोचली आणि तिला एक वर्ष झाले की चाळिसावा हिस्सा द्यायचा, मन द्रवो अथवा न द्रवो. तो गरजूचा हक्क म्हणून द्यायचा. आजाऱ्याची भेट हा एका मुसलमानाचा दुसऱ्यावर असलेला हक्क आहे. आठवण येईल तेव्हा करायची मेहरबानी नाही. ईदच्या नमाजपूर्वी फित्रा पोहोचला पाहिजे. शेजारी उपाशी असताना पोटभर जेवणाऱ्याच्या ईमानाविषयी प्रेषितांनी (स.) कठोर शब्द काढले आहेत. आणि शेजारी म्हणजे केवळ आपल्या धर्माचा नव्हे. ह. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे हिस्सा पाठवला की नाही, याची त्यांनी आवर्जून चौकशी केली होती.

ही सारी कर्तव्ये म्हणजे बधिर पायाची रोजची तपासणी आहे. जेथे तंतू खबर देत नाही तेथे डोळ्याने पाहायचे, हाताने चाचपायचे. वुजूमध्ये पाय धुताना बोटांच्या फटींतूनही पाणी फिरवण्याची शिकवण आहे. ती फट सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. म्हणूनच तेथे बोट घातले जाते. चाचांची जखम वेदनेने सापडली नाही, ती कर्तव्याने सापडली.

कोणी म्हणेल, मनात कळवळा नसताना केलेले सत्कर्म हा दांभिकपणा नव्हे काय? हा आक्षेप गंभीर आहे, कारण इस्लाममध्ये कर्मांची पारख हेतूवरून होते. परंतु बधिर पाय रोज तपासणाऱ्या रुग्णाला कोणी ढोंगी म्हणत नाही. पाय दुखत असल्याचा आव तो आणत नाही. पाय आपला आहे, एवढे तो जाणतो. जगाला दाखवण्यासाठी देणे हे ढोंग आहे; कळवळा वाटत नसतानाही ईश्वराने सोपवलेला हक्क म्हणून देणे ही निष्ठा आहे, कदाचित अधिक कठीण निष्ठा.

आणि येथे माणूस शरीराच्या पुढे जातो. झिजलेला चेतातंतू सहसा पूर्ववत होत नाही. हृदयाचे मात्र तसे नाही. एका माणसाने प्रेषितांकडे (स.) आपले हृदय कठोर झाल्याची तक्रार केली. अश्रू येईपर्यंत थांब, असे त्याला सांगण्यात आले नाही. अनाथाच्या मस्तकावरून हात फिरवण्यास आणि गरिबाला जेवू घालण्यास सांगण्यात आले. आधी हात, मग हृदय. संवेदना परत येण्याची वाट ही अशी कृतीतून जाते.

इतिहासात ज्यांनी शरीर समजून घेतले, त्यांतील काहींनी हा धागा ओळखला होता. शरीराला पेशींचे राज्य आणि प्रत्येक पेशीला त्याची नागरिक म्हणणारे जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखो १८४८ मध्ये अप्पर सायलेशियातील टायफस ज्वराची साथ पाहण्यास गेले. परत येऊन त्यांनी औषधांची यादी दिली नाही. शिक्षण, स्वातंत्र्य आणि चरितार्थाची साधने यांची मागणी केली. जंतुज्वराचे मूळ त्यांना दारिद्र्यात दिसले. आणि त्यांच्याही साडेपाच शतकांहून अधिक काळ आधी, रक्ताची वाट शोधणारे इब्न-अन-नफीस १२८८ मध्ये कैरोत निधन पावले, तेव्हा त्यांनी आपले घर आणि ग्रंथालय सुलतान कलावून यांच्या मन्सूरी रुग्णालयाला देऊन टाकले. ते रुग्णालय वक्फवर चालत असे आणि त्याची दारे श्रीमंत-गरीब, स्त्री-पुरुष सर्वांना उघडी होती. हृदय आपल्याकडे आलेले रक्त ठेवून घेत नाही, हे त्यांनी ग्रंथात लिहिले आणि आयुष्याच्या शेवटी आचरणातही आणले.

चाचा आता रोज संध्याकाळी ओट्यावर बसतात आणि पाय समोर करतात. त्यांची नजरही अधू झाली आहे, त्यामुळे तळवा त्यांना स्वतःला नीट दिसत नाही. तिसरीत शिकणारा नातू विजेरी घेऊन खाली बसतो, एकेक बोट बाजूला करून पाहतो, चपला उलट्या करून झटकतो आणि म्हणतो, "काही नाही, दादा." मग पाय कोरडे पुसतो. चाचांना त्याचा स्पर्शही धड कळत नाही. तरी त्यांचा पाय सुरक्षित आहे, कारण तो दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेत आहे.

आपल्या वस्तीत असा कोणता कोपरा आहे, जेथून बऱ्याच दिवसांत काही खबर आलेली नाही? आज मगरिबनंतर तिकडे एक फेरी मारावी. अल्लाह आपल्याला पाहणारे डोळे आणि विचारपूस करणारी पावले देवो. आमीन.